साताऱ्याहून पत्र, आधी टेस्ट कर

प्रिय मनू,

तुझा मेसेज वाचला. सहावा महिना संपत आलाय, डॉक्टरांनी ग्लुकोजची टेस्ट लिहून दिलीय आणि सासूबाई म्हणतायत आपल्यात कुणाला शुगर नाही, तू पण बारीक, कशाला उगाच. फोनवर आपलं बोलणं भलतीकडेच जातं म्हणून पत्रच लिहिते. मनू, टेस्ट कर गं.

माझ्याही माहेरी कुणाला शुगर नव्हती, वजनही जास्त नव्हतं, तरी माझी 158 आली. पहिल्या तपासणीत नॉर्मल होती, पण वारेतून जी हार्मोन्स सुटतात ती साखर आटोक्यात ठेवणाऱ्या इन्सुलिनला नीट काम करू देत नाहीत आणि बाळ वाढतं तसं हे वाढत जातं, म्हणून 24 ते 28 आठवड्यांत परत बघतात. आणि त्रास काहीच होत नाही, मला तर एकदम बरं वाटत होतं, टेस्टशिवाय कळलंच नसतं.

उपाशी जायची गरज नाही, आमच्याकडे तरी नव्हती. 75 ग्रॅम ग्लुकोज साधारण 300 मिली पाण्यात देतात, ते पाच-दहा मिनिटांत संपवायचं आणि दोन तासांनी रक्त. 140 किंवा वर आली तर शुगर धरतात. फार गोड लागतं, मळमळतं, पण अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली तर दुसऱ्या दिवशी परत करावी लागते, म्हणून शांत बसून राहा.

मला सगळ्यात लागलं ते बायकांचं बोलणं, कंदी पेढे खाल्ले असतील म्हणून झालं म्हणे! पेढ्यानं नाही होत गं हे, आधीच घाबरलेल्या बाईला असं कुणी बोलतं का. आईची साखर बाळाकडे जाते, मग बाळ स्वतःचं इन्सुलिन जास्त बनवतं, वजन वाढतं आणि जन्मल्यावर त्याचीच शुगर एकदम खाली येऊ शकते, हे सासूबाईंना नीट समजावून सांग, त्या ऐकतील.

माझं ज्वारीची भाकरी, उसळ, पालेभाजी, थोडं थोडं खाणं आणि जेवल्यावर चालणं यावर भागलं, जेवणानंतर दोन तासांनी 120 च्या खाली राहायची. काहींना गोळी किंवा इन्सुलिन लागतं, त्यात घाबरण्यासारखं काही नाही, इन्सुलिन वारेतून बाळाकडे जात नाही. बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी परत केली, नॉर्मल आली, तरी पुढे शुगर व्हायची शक्यता राहते म्हणून आता दरवर्षी करायला सांगितलीय.

तारीख ठरली की कळव, मी सकाळची एसटी पकडून सांगलीला येते, ते दोन तास आपण गप्पा मारत बसू.

तुझीच,
वैशू