खुराक राहिला, मेहनत गेली

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

जूनमध्ये शाळा सुरू झाल्या की मुलांची उंची-वजने घेऊन प्रगतिपुस्तकात भरायची, हे काम क्रीडाशिक्षक म्हणून मी नोकरीभर केले. निवृत्तीनंतरही कोणी बोलावले तर जातो. सहावी-सातवीतली पोरे वजनकाट्यावर साठ किलोच्या पुढे जाताना आता नवल वाटत नाही. पालकांना सांगावे तर उत्तर ठरलेले, ‘‘सर, खात्यापित्या घरचा हाय. उंची वाढली की आपोआप झडंल.’’ ते झडतेच असे नाही. या वयातला लठ्ठपणा बहुतेकदा मोठेपणीही पाठ सोडत नाही.

कोणाला थायरॉइडची शंका येते. पण ग्रंथींच्या विकारामुळे लठ्ठ झालेली मुले थोडी असतात आणि त्यांची उंची सहसा खुंटलेली असते. आपली पोरे उंचीलाही वर्गात पुढे, म्हणून तर आईबाप निर्धास्त. एका मुलाच्या मानेवर मागच्या बाजूला काळा, जाडसर पट्टा दिसला. आई म्हणाली, ‘‘मळ बसलाय, बेसन लावून घासते, जातच नाही.’’ तो जाणार कसा? तो मळ नव्हेच. शरीरात इन्शुलिनचे काम नीट होत नसल्याची ती खूण असते. लठ्ठपणातून येणारा मधुमेह पूर्वी बहुधा चाळिशीनंतर यायचा, तो आता शाळकरी वयात दिसू लागला आहे. यकृतात चरबी, वाढलेला रक्तदाब, मुलींच्या पाळीच्या तक्रारी, रात्री घोरून झोपमोड आणि सकाळी वर्गात डुलक्या, हे सगळे त्याच रांगेतले.

आपल्या कोल्हापूरला अंगाने भरलेल्या पोराचे भारी कौतुक. ज्या गावात शाहू महाराजांनी खासबागेचे कुस्ती मैदान बांधले, तिथे ते असणारच. पण पैलवान पहाटे उठून जोर-बैठका मारतो, लाल मातीत घाम गाळतो आणि मग थंडाई, दूध, बदाम घेतो. आपण खुराक तेवढा ठेवला आणि मेहनत सोडली. बरे, खुराकही तो राहिला नाही. गंगावेशीतल्या धारोष्ण दुधाला कशाला नावे ठेवायची? पोरांच्या हातात असते वेफर्सचे पाकीट आणि कोल्ड्रिंक. पाव लिटरच्या बाटलीत पाच-सहा चमचे साखर असते.

नववीतल्या पोराचा दिवस बघा. शाळा, तिथून परस्पर क्लास, मधल्या वेळेत गाडीवरचा वडापाव, मग दुसरा क्लास, घरी यायला नऊ, त्यानंतर मध्यरात्रीपर्यंत मोबाइल. या वयाला आठ ते दहा तास झोप लागते आणि झोप तुटली की भूक वाढते. जागतिक आरोग्य संघटना रोज किमान ६० मिनिटे दमवणारी हालचाल सांगते. आमचा पीटीचा तास मात्र परीक्षा जवळ आली की गणिताच्या सरांच्या घशात जातो. शाहू स्टेडियमवर पेठांचा फुटबॉल सामना असला की बसायला जागा नसते, पण त्या गर्दीतल्या किती पोरांच्या पायाला रोज बॉल लागतो? त्यात लठ्ठ पोर मैदानावरून पहिले गायब होते, कारण त्याला ‘ढोल्या’ म्हणणाऱ्यांत कधी कधी मास्तरही असतात.

भारतीयांच्या अंगात कमी वजनालाही चरबी जास्त असते. आपली बाळे जन्मतःच अशी असतात, हे पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी दाखवून दिले आहे. म्हणूनच बालरोगतज्ज्ञांच्या भारतीय संघटनेने २०१५ साली मुलांसाठी उंची-वजनाचे वेगळे तक्ते केले. शाळांनी नुसते वजन न लिहिता त्या तक्त्यावर बघावे आणि मान काळी दिसली तर पालकांना डॉक्टरकडे पाठवावे.

शाळेच्या आवारात आणि फाटकापासून ५० मीटरपर्यंत जादा चरबी, मीठ, साखरेचे पदार्थ विकू नयेत, असा नियम केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०२० मध्येच केला आहे. मधल्या सुट्टीत कुठल्याही फाटकावर उभे राहून बघावे. गाडीवाल्याच्या पोटावर पाय द्या, असे माझे म्हणणे नाही. उकडलेल्या शेंगा, पेरू, काकडीलाही गिऱ्हाईक मिळते. पण अन्न व औषध प्रशासन आणि महापालिका यांनी एकदा तरी चक्कर मारावी. आणि शिक्षण विभागाने पीटीचा तास कोणालाही देऊ नये, असा लेखी आदेश काढावा. मोजमापाला माणसे कमी पडत असतील तर आमच्यासारखे निवृत्त क्रीडाशिक्षक या गावात पुष्कळ आहेत. चहाच्या पैशाचीही अपेक्षा नाही.

आपला,
एक निवृत्त क्रीडाशिक्षक,
शिवाजी पेठ, कोल्हापूर