क्ष-किरणांच्या नोंदी साखळी-केप्यापर्यंत येऊ द्या

संपादक महोदय,

पावसाळ्यात गोव्याचे आकाश महिनोन्‌महिने झाकलेले असते. पण कृष्णविवरांभोवतीच्या तप्त वायूतून निघणारे क्ष-किरण निरभ्र रात्रीही जमिनीवर पोहोचत नाहीत; वातावरण ते शोषून घेते. म्हणूनच भारताने २८ सप्टेंबर २०१५ रोजी ‘ॲस्ट्रोसॅट’ आणि १ जानेवारी २०२४ रोजी ‘एक्सपोसॅट’ हे क्ष-किरण टिपणारे उपग्रह अवकाशात पाठवले. ‘आदित्य-एल१’ हे यान तर पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटर अंतरावरून सूर्याचा अभ्यास करत आहे.

ॲस्ट्रोसॅटच्या कितीतरी नोंदी इस्रोने सर्वांसाठी खुल्या केल्या आहेत, तेही मोफत! त्या अभ्यासायला साधा संगणक, थोडे प्रोग्रॅमिंग आणि भरपूर चिकाटी पुरते. साखळी, केपे अशा गोव्यातल्या छोट्या शहरांतील बीएस्सीच्या मुलांचे प्रकल्प या नोंदींवर का होऊ नयेत? ही मुले हुशार आहेत, त्यांना कोणीतरी वाट दाखवायला हवी.

ॲस्ट्रोसॅटच्या उभारणीत पुण्याच्या ‘आयुका’ या खगोलशास्त्र संस्थेचा सहभाग होता. तेथील तज्ज्ञांना बोलावून गोवा विद्यापीठाने दिवाळीच्या सुटीत आठवडाभराचे शिबिर घ्यावे. मराठी-कोकणीतून शंका विचारायची मोकळीक द्यावी. महाविद्यालयांनी मुलांच्या प्रवासखर्चाची तरतूद आतापासूनच करावी, ही कळकळीची विनंती.

– एक निवृत्त विज्ञान शिक्षिका, फोंडा