अडकलेला पार्किंग ब्रेक आणि दडवून ठेवलेली तार : एक तक्रार पत्र

प्रति,
प्रमुख, ग्राहक तक्रार विभाग,
वाहन उत्पादक कंपनी

विषय : फोर-व्हील ड्राइव्ह गाडीचा इलेक्ट्रॉनिक पार्किंग ब्रेक अडकणे, हेल्पलाइनचा चुकीचा सल्ला, गाडी ओढून नेताना झालेले नुकसान आणि नाकारलेली वॉरंटी

महोदय,

आपल्या कंपनीची फोर-व्हील ड्राइव्ह गाडी मी वापरते. तिची वॉरंटी चालू आहे आणि आजवरचे प्रत्येक सर्व्हिसिंग आपल्याच अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये झालेले आहे. रात्री उतारावर उभ्या केलेल्या या गाडीचा पार्किंग ब्रेक सकाळी सुटला नाही. आपल्या हेल्पलाइनने दिलेल्या सल्ल्यांमुळे तो आणखी घट्ट बसला, मागची दोन्ही चाके जाम असताना गाडी फरफटत वर चढवली गेली आणि अखेरीस ‘गाडी चिखलपाण्यात घातल्यामुळे बिघाड’ असा शेरा मारून दुरुस्तीचा सगळा खर्च माझ्या माथी मारण्यात आला. हा शेरा खोटा ठरवणारा पुरावा सर्व्हिस सेंटरमध्ये उघडलेल्या चाकांतच होता. त्याहून गंभीर बाब अशी की, हा ब्रेक हाताने सोडवण्याची सोय गाडीत पहिल्यापासून होती आणि ती असल्याचे मला एकाही माणसाने सांगितले नाही.

बिघाडाचे स्वरूप आधी नोंदवते. इंजिन सुरू करून, ब्रेक पेडलवर पाय ठेवून मी स्विच खाली दाबला, तेव्हा गाडीच्या मागच्या भागातून कर्कश किंचाळल्यासारखा आवाज आला, मोटर क्षणभर फिरून थांबली, डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला आणि पार्किंग ब्रेकचा लाल दिवा लुकलुकत राहिला. पेडल दाबल्याचा संदेश कंट्रोल युनिटपर्यंत पोहोचला नाही तरी ब्रेक सुटत नाही, म्हणून मागचे ब्रेकलाइट लागतात की नाही हे मी पाहून घेतले. ते नीट लागत होते. मल्टिमीटरने बॅटरी तपासली असता इंजिन बंद असताना १२.६ व्होल्ट आणि चालू असताना १४ व्होल्टच्या वर दाब मिळत होता. म्हणजे वीजपुरवठा कमी पडल्याची शंकाही उरली नव्हती. हे सर्व मी हेल्पलाइनला पहिल्याच फोनवर सांगितले. तरीही त्यानंतर मला जे सल्ले मिळाले, ते ही माहिती न ऐकताच कागदावरून वाचून दाखवलेले होते, असे माझे स्पष्ट मत आहे.

पहिला सल्ला होता स्विच वर-खाली करत राहण्याचा. आपल्या या मॉडेलमध्ये एकच मोटर गिअरमार्फत आट्यांचा एक दांडा फिरवते, तो दांडा दोन केबल खेचतो आणि त्या केबल मागच्या डिस्कच्या पोटातील छोट्या ड्रममध्ये ब्रेक शू, म्हणजे ड्रमला आतून घासून चाक धरणाऱ्या अर्धगोल पट्ट्या, फाकवतात. हा दांडा त्याच्या शेवटच्या टोकाला जाऊन अडकला असेल, तर स्विच वर ओढण्याच्या, म्हणजे ब्रेक लावण्याच्या, प्रत्येक खेपेस मोटर तो आणखी आवळणार, हे उघड आहे. झालेही तसेच. काही वेळाने मोटर तापल्यामुळे कंट्रोल युनिटने आज्ञा स्वीकारणेच बंद केले आणि तोवर निदान आवाज तरी करणारा ब्रेक पूर्ण मुका झाला. मग बॅटरीची वायर काढून पुन्हा लावण्यास सांगण्यात आले. आट्यांची रचना अशी असते की मोटर त्यांना फिरवू शकते, पण केबलचा ताण त्यांना उलटे फिरवू शकत नाही. म्हणून तर वीज नसतानाही गाडी उतारावर उभी राहते. वीज तोडल्याने हा ब्रेक सुटत असता, तर बॅटरी उतरलेली प्रत्येक गाडी घरंगळत गेली असती. आपल्या अभियंत्यांना हे मी सांगावे असे नाही. पण हेल्पलाइनवर बसणाऱ्यांना ते कोणीतरी समजावून सांगायला हवे होते.

तिसरा सल्ला सर्वांत धोक्याचा होता : गिअर डी मध्ये टाकून ॲक्सिलरेटर द्या, ब्रेक आपोआप सुटेल. ब्रेकची यंत्रणा धडधाकट असताना गाडी हलवायला घेतली की ब्रेक आपोआप सुटतो, हे खरे आहे. येथे मात्र मागची चाके जखडलेली होती आणि ताकद पुढच्या चाकांना मिळाली असती. अशा वेळी सगळा पीळ मधल्या डिफरन्शियलवर, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांत ताकद वाटणाऱ्या गिअरांवर, आणि शाफ्टवर येतो. शिवाय ड्रममधील शूची जुळणीच अशी असते की चाक फिरवण्याचा जोर लावला की तो जोर शूला ड्रममध्ये आणखी रुतवतो. बळजबरीने ही पकड सुटत नाही, वाढते. हा सल्ला मी मानला नाही आणि तसे त्याच वेळी फोनवर सांगितले. आपल्याकडे त्या संभाषणाचे रेकॉर्डिंग असणार; ते जपून ठेवावे, ही विनंती.

गाडी उचलून नेण्याच्या बाबतीतही हेल्पलाइनने हलगर्जीपणा केला. आलेल्या वाहनचालकाला केवळ ‘गाडी चालत नाही’ एवढेच कळवण्यात आले होते. पुढची चाके उचलून गाडी मागच्या चाकांवर ओढण्याच्या तयारीने तो आला होता. मागची चाके फिरतच नाहीत हे मी दाखवल्यावर त्याने डोक्याला हात लावला आणि फ्लॅटबेड, म्हणजे गाडी पाठीवर घेऊन जाणारा सपाट ट्रक, मागवला. फोर-व्हील ड्राइव्ह गाडीची चारही चाके जमिनीवरून उचलूनच ती न्यावी, असे आपल्याच पुस्तिकेत छापलेले आहे. फ्लॅटबेड आला, पण जाम चाकांखाली सरकवायच्या, छोटी चाके असलेल्या फळ्या त्यावर नव्हत्या, कारण त्या लागतील हे त्यालाही कोणी सांगितले नव्हते. विंच, म्हणजे दोर गुंडाळून ओढणारे यंत्र, लावून गाडी तशीच वर ओढली गेली. रस्त्यावर दोन काळे पट्टे उमटले आणि मागच्या दोन्ही टायरांवर तळहाताएवढा भाग घासून सपाट झाला. आता गाडी वेगात असताना मागून धडधड जाणवते. या नुकसानीचा दोष मी त्या चालकांना देत नाही.

आता मुख्य मुद्द्याकडे येते. चाके माझ्यासमोर उघडावीत असा आग्रह मी धरला आणि सर्व्हिस सेंटरने तो मान्य केला, याबद्दल मी त्यांची आभारी आहे. डिस्क काढल्यावर आत जे दिसले त्याची छायाचित्रे सोबत आहेत. तळाशी वाळलेला चिखल होता. नव्हता असे माझे म्हणणे नाही, चिखलातून जाण्यासाठीच ही गाडी विकली जाते आणि आपल्या जाहिरातीतही ती पाण्यातूनच बाहेर येते. परंतु चिखल आणि वाळूमुळे ब्रेक खराब झाला असता, तर लायनर, म्हणजे शूवरचा घासला जाणारा थर, झिजून पातळ झालेले दिसले असते आणि ड्रमच्या आतल्या बाजूस चरे पडलेले असते. प्रत्यक्षात लायनर जवळजवळ नव्याएवढे जाड होते आणि ड्रम गुळगुळीत होता. वेगळी गोष्ट एकच होती : दोन्ही बाजूंच्या ॲडजस्टरचे (शू आणि ड्रम यांतील अंतर जुळवणाऱ्या भागाचे) दातेरी चाक पूर्ण आत फिरवलेले, म्हणजे शू जितके मिटता येतील तितके मिटलेले होते. डाव्या आणि उजव्या दोन्ही चाकांत अगदी सारखेच. चिखल असा हिशेबाने दोन्हीकडे सारखे काम करीत नाही. माणसाचा हात आणि स्क्रू-ड्रायव्हर मात्र करतो.

तो हात कोणाचा, याचे उत्तर आपल्याच जॉब कार्डावर आहे. मागील सर्व्हिसिंगमध्ये मागच्या डिस्क आणि पॅड बदलण्यात आले. डिस्कच्या पोटातच पार्किंग ब्रेकचा ड्रम असल्यामुळे ती बाहेर काढण्यासाठी ॲडजस्टर सैल करून शू मिटवावे लागतात. नवी डिस्क बसवल्यावर ते दातेरी चाक डिस्क अडेपर्यंत पुन्हा फिरवून, ठरलेले दाते मागे आणून दोन्ही बाजूंचे अंतर जुळवायचे असते आणि त्यानंतर नवा ड्रम व शू एकमेकांना बसावेत म्हणून ठरावीक पद्धतीने ब्रेक लावत गाडी चालवायची असते. जॉब कार्डावर डिस्क बदलल्याची नोंद आहे. या जुळवणीची एका अक्षराचीही नोंद नाही. शू आणि ड्रम यांत एवढे अंतर राहिल्यावर पकड मिळेपर्यंत मोटरला केबल नेहमीपेक्षा कितीतरी जास्त खेचावी लागते, दांडा आपल्या मर्यादेच्या टोकाला जातो आणि एके दिवशी तिथेच अडकून बसतो. त्या सर्व्हिसिंगनंतर ब्रेक लावताना मोटरचा आवाज पूर्वीपेक्षा जास्त वेळ चालतो, ही तक्रार मी गाडी ताब्यात घेतानाच नोंदवली होती. ‘नवे पार्ट आहेत, होते असे,’ हे त्यावरचे उत्तर होते.

ब्रेक सुटला तो ज्या रीतीने सुटला, तो प्रसंग आपल्या वरिष्ठांनी वाचावा अशी माझी इच्छा आहे. सर्व्हिस सेंटरमधील एका अनुभवी मेकॅनिकने आधी चाकांना लाकडी ठोकळे लावले, गिअर पी मध्ये असल्याची खात्री केली, मधल्या कन्सोलच्या मागच्या बाजूचे एक लहान झाकण उचकटले आणि आतील तारेच्या फासात आकडा अडकवून तो जोराने ओढला. गाडीखाली टक्क असा आवाज झाला आणि चाके मोकळी झाली. संगणक नाही, लिफ्ट नाही, पानासुद्धा नाही. हे काम रस्त्याच्या कडेला झाले असते. टायर घासले नसते, मोटर जळली नसती आणि फ्लॅटबेडही लागला नसता. मला हे फोनवर का सांगितले नाही असे विचारले, तेव्हा ‘ग्राहकाला सांगायची परवानगी नाही’ असे उत्तर मिळाले.

ही परवानगी कोण नाकारते आणि कशाच्या आधारावर, हे मला लेखी हवे आहे. मालकाला दिलेल्या पुस्तिकेत स्टेपनी बदलण्याची कृती चित्रांसह सविस्तर दिलेली आहे. पार्किंग ब्रेक न सुटल्यास काय करावे, याखाली ‘अधिकृत सेवा केंद्राशी संपर्क साधावा’ एवढे एकच वाक्य आहे. जी गाडी रस्ता संपल्यावरही पुढे जाते म्हणून विकली जाते, तिच्या मालकाने संपर्क साधायचा तरी कुठून? प्रवासी मोटारींच्या ब्रेकसंबंधी संयुक्त राष्ट्रांची जी नियमावली क्रमांक १३-एच आहे, तिच्यात पार्किंग ब्रेकने पूर्ण भरलेली गाडी २० टक्के चढ-उतारावर धरून ठेवावी अशी अट आहे. त्याचबरोबर विजेवर चालणाऱ्या पार्किंग ब्रेकच्या नियंत्रणात विद्युत बिघाड झाला तरी तो सोडवता आला पाहिजे, गरज पडल्यास गाडीत असलेल्या हत्यारांच्या व साधनाच्या मदतीने, असेही म्हटले आहे. माझ्या गाडीतला बिघाड विजेचा नसून यांत्रिक होता, असे उत्तर आपण द्याल याची मला कल्पना आहे. ते मान्य केले, तरी तारेचा तो फास आपण गाडीत बसवलेला आहेच. वापरण्यासाठीच बसवला असेल, तर ज्याच्यावर तो वापरण्याची वेळ येते त्याच्यापासून तो लपवण्यात काय अर्थ आहे?

उतारावर उभ्या गाडीचा ब्रेक कोणीही ओढून सोडला तर अपघात होईल, ही भीती खोटी नाही. त्यासाठी पुस्तिकेत सूचना छापता येतात : आधी चाकांना उताराच्या बाजूने ठोकळे लावावेत, गिअर पी मध्ये ठेवावा, ट्रान्स्फर केस (गिअरबॉक्सची ताकद पुढच्या-मागच्या चाकांकडे नेणारी पेटी) न्यूट्रलमध्ये असल्यास पी लावूनही चाके धरली जात नाहीत, म्हणून ते न्यूट्रलमध्ये नाही हे पाहावे, आणि फास ओढल्यानंतर यंत्रणा पुन्हा जागेवर बसवून तपासली जाईपर्यंत गाडीला पार्किंग ब्रेक नाही असेच समजावे. जॅकवर चढवलेल्या गाडीचे चाक काढण्याची कृती आपण ग्राहकावर विश्वास ठेवून छापता. ही कृती त्याहून अवघड नाही.

माझ्या मागण्या अशा आहेत. चिखलपाण्याचा शेरा रद्द करून ॲक्च्युएटर (केबल खेचणारा मोटर व दांड्याचा संच), त्याची मजुरी आणि पार्किंग ब्रेकची संपूर्ण जुळवणी वॉरंटीत धरावी. घासलेले दोन्ही टायर कंपनीच्या खर्चाने बदलावेत. फोर-व्हील ड्राइव्ह गाडीत चारही टायरांचा घेर शक्य तितका सारखा असावा लागतो, तेव्हा पुढच्या टायरांची झीज मोजून, फरक आपल्या मर्यादेबाहेर गेल्यास तेही बदलावेत, ही मागणी वाढीव समजू नये. बदललेला जुना ॲक्च्युएटर आणि कंट्रोल युनिटमध्ये नोंदलेल्या फॉल्ट कोडची (बिघाडाच्या संकेतांकांची) छापील प्रत माझ्या ताब्यात द्यावी. तो भाग भंगारात गेल्याचे कारण मी स्वीकारणार नाही, कारण तो राखून ठेवण्याची सूचना मी जॉब कार्डावर लिहून घेतली होती. मागील डिस्क बदलताना ॲडजस्टर जुळवला होता की नाही, याचे सर्व्हिस सेंटरकडून लेखी उत्तर मिळवून मला पाठवावे. हेल्पलाइनच्या सूचनांतून अडकलेल्या ब्रेकवर ॲक्सिलरेटर देण्याचा सल्ला तत्काळ काढून टाकावा आणि ब्रेक हाताने सोडवण्याची कृती या मॉडेलच्या सर्व मालकांना कळवावी. शेवटची मागणी माझ्या एकटीच्या नुकसानीशी संबंधित नसली, तरी ती मी मागे घेणार नाही.

हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांच्या आत लेखी उत्तर अपेक्षित आहे. फोनवरचे आश्वासन उत्तर म्हणून धरले जाणार नाही. मुदतीत समाधानकारक उत्तर न आल्यास ग्राहक तक्रार निवारण यंत्रणेकडे दाद मागेन आणि त्या वेळी उघडलेल्या चाकांची छायाचित्रे, दोन्ही जॉब कार्डांच्या प्रती व हेल्पलाइनच्या फोनची नोंद सादर करीन. या सर्वांच्या प्रती या पत्रासोबत जोडल्या आहेत. मूळ कागद माझ्याकडे आहेत.

आपली विश्वासू,
तक्रारदार वाहनमालक