फुकटचे तास मोज, बाळा

प्रिय बाळा,

परवा फोनवर तू बोलत होतीस तरी मागे कीबोर्डचा आवाज चालूच होता, मी काय विचारलं ते तुला दोनदा कळलंच नाही, आणि मग म्हणालीस, आई, हे फ्रीलान्स लिहायचा, क्लायंटसाठी लिहून द्यायचा कंटाळा आलाय गं, काहीही लिहिलं तरी काय फरक पडतो. ते काही डोक्यातून जाईना, म्हणून हे पत्र.

तू आळशी झाली नाहीयेस. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये बर्नआउट म्हणजे काय ते स्पष्ट केलंय, त्यांनी त्याला आजार म्हटलेलं नाही, कामाच्या ताणातून आलेली अवस्था म्हटलंय. अंगातलं त्राण संपणं, कामावरून मन उडणं, आणि आपल्याला काही नीट जमत नाही असं वाटणं. तुझं बोलणं अगदी तेच होतं. त्यामुळे नुसतं दोन दिवस झोपून काही होणार नाही, कामाची पद्धतच बदलायला हवी.

मला तर वाटतं तुला लिखाणाने थकवा येत नाही, आजूबाजूच्या फुकटच्या कामाने येतो. पिच म्हणजे लेखाची कल्पना पाठवा, ब्रीफ म्हणजे क्लायंटला नक्की काय हवंय ते पुन्हा समजून घ्या, चौथ्यांदा बदल करा, वर इनव्हॉइस पाठवून पैशांसाठी मागे लागा. शब्दामागे रेट लावतेस ना, मग हे तास कुठे धरतेस? एक आठवडा सगळं क्लायंटप्रमाणे लिहून ठेव आणि प्रत्येकाकडून मिळालेल्या पैशांना त्याच्यावर गेलेल्या सगळ्या तासांनी भाग. कुठला क्लायंट सोडायचा ते तुझं तुलाच दिसेल, बहुतेक रात्री अकराला 'छोटासा चेंज आहे' म्हणणाराच निघेल.

पुढचं काम घेताना आधीच मेलमध्ये लिही की बदल दोनदाच, पुढे वेगळे पैसे, आणि अर्धा अ‍ॅडव्हान्स. नोकरीवाल्यांना भरपगारी रजा असते, तुला नाही, म्हणून रेट ठरवतानाच रजेचे आणि आजारपणाचे दिवस धरायचे.

उद्या काम मिळेल की नाही ही भीती खरी आहे, मी ती खोटी म्हणणार नाही. पण त्या भीतीने सगळ्यांना हो म्हणत सुटलीस तर चांगलं लिहायला ताकदच उरणार नाही. चांगल्या महिन्यात थोडे पैसे बाजूला टाकत जा, निदान दोन-तीन महिन्यांचा खर्च, म्हणजे नाही म्हणताना जीव घाबरा होणार नाही.

आणि झोप लागत नसेल, सकाळी उठावंसंच वाटत नसेल तर अंगावर काढू नकोस, डॉक्टरांना दाखव, मी येते सोबत.

शुक्रवारची डेडलाइन पुढे जाते का ते आजच विचार, आणि काय म्हणाले ते मला कळव.

तुझी,
आई