किती दिवस टिकतं, हे आधी विचारा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत मानसिक आजारांवर लेख आला, वाचून बरं वाटलं. पण त्यातलं एक वाक्य दोन दिवस मनातून जाईना. 'सकाळी खूश, दुपारी रडवेली, संध्याकाळी भांडायला तयार, अशी व्यक्ती बायपोलर असू शकते', असं त्यात म्हटलं आहे. याच समजुतीपायी माझ्या लेकीची तीन वर्षं भलत्याच औषधांवर गेली. तिला विचारूनच हे लिहिते आहे.

बायपोलर आजार, म्हणजे तेजी आणि नैराश्य यांच्या दीर्घ लाटा येणारा आजार, आमच्या घरात आहे, पण तो माझ्या धाकट्या दिरांना. भाऊजींची पहिली तेजी मला अजून आठवते. ११ दिवस ते रोज जेमतेम दोन तास झोपत होते आणि थकवा म्हणून नव्हता. पहाटे तीनला गच्चीवर पाण्याची टाकी घासत होते. मी धावत वर गेले तर म्हणाले, "वहिनी, चहा टाका. आज तालुक्यातल्या सगळ्या शाळांना पंखे द्यायचेत." ४० पंख्यांची ऑर्डर त्यांनी खरंच देऊन ठेवली होती, पतपेढीचं कर्ज काढून. कुणी त्यांना बोललं नव्हतं, घरात काही घडलं नव्हतं. पुढे चार महिने ते अंथरुणातून उठेनात, दाढी करायचंसुद्धा सुचेना. आणि त्यानंतर दोन वर्षं अगदी पहिल्यासारखे, दुकान सांभाळणारे, हिशेबाला पक्के. आज लिथियम या मूड स्थिर ठेवणाऱ्या औषधावर ते स्थिर आहेत. रक्तातली लिथियमची लेव्हल, थायरॉइड आणि किडनीच्या तपासण्या ठरल्या वेळी करतात.

त्यामुळे लेक कॉलेजात असताना तिची घालमेल सुरू झाली, तेव्हा पहिल्या डॉक्टरांनी 'काकांना आहे ना, मग घराण्यातच आहे' म्हणून दहा मिनिटांत तेच नाव लिहिलं. आम्हीही मान डोलावली. गोळ्यांनी तिचे हात थरथरू लागले, सारखी तहान लागायची, वजन ९ किलोंनी वाढलं. मूळ दुखणं मात्र तिथंच राहिलं. मैत्रिणीला मेसेज गेला, निळी खूण दिसली आणि उत्तर आलं नाही, की अर्ध्या तासात तिच्या पायाखालची जमीन सरकायची. "तिला मी नकोशी झालेय. तुलाही झालेय, फक्त तू बोलत नाहीस." कधी स्वतःला इजा करून घ्यायची. आणि संध्याकाळी त्याच मैत्रिणीचा फोन आला, की गाणं गुणगुणत माझ्याशेजारी भाकरी थापायला बसायची. एकदा रात्री कुशीत शिरून म्हणाली, "आई, आत काहीच नाहीये गं. नुसतं पोकळ." बाहेर आम्हाला काय ऐकावं लागलं? एकुलती एक म्हणून लाडावून ठेवली, नाटकं करते.

दुसऱ्या डॉक्टरबाईंनी दीड तास दिला. एकदा मूड बदलला की किती वेळ टिकतो? त्याच्या आधी काय घडलेलं असतं? रात्री झोप लागत नाही, की झोपेची गरजच वाटत नाही? मग म्हणाल्या, दोन महिने रोज लिहून ठेवा. मी स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवरच लिहू लागले, दुधाच्या हिशेबाशेजारी. भाऊजींचं असं लिहिलं असतं तर एकच शब्द पानभर गेला असता. लेकीचं एका चौकोनात मावेना. एकाच दिवसात तीन-तीन मूड, आणि प्रत्येकाच्या आधी कुणाचं तरी बोलणं, रुसणं किंवा निघून जाणं. निदान झालं बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी डिसऑर्डरचं, म्हणजे भावना आणि नाती सतत डळमळीत ठेवणाऱ्या आजाराचं.

निकष डॉक्टरांच्या पुस्तकात दिलेले आहेत. डीएसएम-५ या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ संघटनेच्या २०१३च्या पुस्तकानुसार उन्मादाची, म्हणजे तेजीची अवस्था किमान ७ दिवस टिकते (रुग्णाला भरती करावं लागलं तर त्याआधीही धरतात), सौम्य उन्माद ४ दिवस, नैराश्य दोन आठवडे. बॉर्डरलाइनमध्ये मूड बहुधा काही तासांचा असतो, क्वचितच काही दिवसांपलीकडे जातो. तिथे नऊ लक्षणांपैकी पाच लागतात, आणि माणूस सोडून जाईल ही भीती त्यांत पहिली. काहींना दोन्ही आजार एकत्र असतात, म्हणून घरच्यांनी स्वतःच निदान करत बसू नये. घरच्यांनी टिपण ठेवावं, कारण डॉक्टरांना रुग्ण दिसतो तो महिन्यातून एखादा तास.

नाव बदललं की उपचाराची वाट बदलते, म्हणून मी इतकी अडून बसले आहे. बायपोलरमध्ये औषध हाच पाया. तिथे उन्मादाकडे लक्ष न जाता नुसती नैराश्याची गोळी दिली, तर माणूस तेजीत जाऊ शकतो. बॉर्डरलाइनसाठी म्हणून मान्यता मिळालेलं औषध अजून नाही, मुख्य भर मानसोपचारावर. त्यातली डीबीटी (डायलेक्टिकल बिहेवियर थेरपी) ही भावना सांभाळायला शिकवणारी पद्धत अमेरिकेतल्या मार्शा लिनेहान यांनी बसवली. तरुणपणी आपण स्वतःच अशा यातनांतून गेलो, हे त्यांनी २०११मध्ये जाहीरपणे सांगितलं. ते ऐकून माझी लेक कितीतरी वेळ गप्प बसली होती. आमच्या गावात हे शिकवणारं कुणी नाही, म्हणून ती दर आठवड्याला ऑनलाइन शिकते. लाट आली की बर्फाच्या पाण्यात चेहरा बुडवते आणि मग मला हाक मारते. वर्षभरात तिने स्वतःला इजा केलेली नाही.

हे पत्र वाचून कुणी आपल्या गोळ्या बंद करू नयेत, हे हात जोडून सांगते. लेकीचं लिथियमसुद्धा डॉक्टरांनी हळूहळू कमी करत थांबवलं.

आपल्याला विनंती एवढीच, की ते वाक्य दुरुस्त करून छापावं आणि या दोन आजारांवर मानसोपचारतज्ज्ञांकडून वेगवेगळे लेख लिहून घ्यावेत. सोबत टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर द्यावा. तो मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीतही बोलता येतं. आम्हाला तो फार उशिरा कळला.

आपली नम्र,
एक आई, सातारा
(नाव-पत्ता आपल्याकडे दिला आहे, कृपया छापू नये.)