बिल अडवण्याचा अधिकार वास्तुविशारदांनी वापरावा

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

कतारमधील अल जनूब स्टेडियमच्या वास्तुरचनेचे कौतुक करणारा आपल्या पुरवणीतील लेख वाचला. प्रसिद्ध वास्तुविशारद झहा हदीद यांच्या कार्यालयाने त्याचा आराखडा केला, हे त्यात आले. परंतु कतारमधील स्थलांतरित मजुरांच्या मृत्यूंविषयी 2014 मध्ये विचारले असता, ‘तो सरकारने पाहायचा प्रश्न आहे, वास्तुविशारद म्हणून माझे ते काम नव्हे,’ अशा आशयाचे उत्तर त्यांनी दिले होते, त्याचा उल्लेख नव्हता. तोवर त्या स्टेडियमच्या जागेवर कोणी दगावले नव्हते, हेही न्यायाने सांगितले पाहिजे. तरीही ते उत्तर मला पटत नाही.

आपल्याकडे अनेक खासगी बांधकामांत ठेकेदाराचे बिल वास्तुविशारदाच्या सहीशिवाय निघत नाही. गिलावा ओळंब्यात नाही म्हणून तो बिल अडवतो आणि काम पुन्हा करून घेतो. मग परांचीला जाळी नाही, सेंट्रिंगवर चढलेल्याच्या कमरेला पट्टा नाही आणि विजयपूर, यादगीरकडून आलेल्या बायका अनवाणी ओल्या काँक्रीटमध्ये उभ्या राहून घमेली पुढे देत आहेत, हे त्याच फेरीत त्याला दिसत नाही काय? सिमेंटने त्यांच्या बोटांच्या बेचक्या खाल्लेल्या असतात.

बांधकाम मजुरांच्या कल्याणासाठी बांधकाम खर्चाच्या किमान एक टक्का उपकराची तरतूद 1996 च्या कायद्याने केली. पण त्याचा लाभ देणाऱ्या कल्याण मंडळाकडे मजुराच्या नोंदणीसाठी वर्षात 90 दिवस काम केल्याचा दाखला लागतो. ज्याची हजेरी मुकादमाच्या वहीत नुसत्या टोपणनावाने लागते, त्याला तो कोण देणार? पाटी मराठीत की कन्नडमध्ये यावर आपण सीमाभागात हमरीतुमरीवर येतो. ती ठोकायला चढणाऱ्याच्या पट्ट्याबाबत मात्र दोन्ही भाषांत शांतता असते.

बेळगावच्या किल्ल्यातील कमल बस्ती, म्हणजे तेथील जैन मंदिर, 1204 सालची. तिच्या पाथरवटांना मजुरी काय मिळाली हे आज कोण विचारतो, असा युक्तिवाद एका परिचितांनी केला. त्या पाथरवटांसाठी आता काहीच करता येणार नाही, आजच्या गवंड्यासाठी येते, एवढेच माझे उत्तर आहे. बेळगावातील वास्तुविशारदांनी जाळी, पट्टे, गमबूट आणि मजुरांच्या मुलांसाठी सावलीची जागा ही निविदेतच दरासह स्वतंत्र बाब म्हणून धरावी, आणि ती पुरी होईपर्यंत पुढच्या स्लॅबच्या बिलावर सही करू नये.

आपला,
एक वाचक, शहापूर, बेळगाव