छताचा उल्लेखच नाही

मा. संपादक,
स. न.

घरी गाणं ऐकण्याच्या खोलीवरचा लेख आपल्या पुरवणीत वाचला. गालिचा, जाड पडदे, पुस्तकांची कपाटं, स्पीकर भिंतीपासून किती लांब ठेवावेत, सगळं आलं. छताबद्दल मात्र अवाक्षर नाही. ते वाचून राहवलं नाही, कारण छताकडे न पाहिल्यामुळेच माझी दोन वर्षं फुकट गेली.

खोलीत खाली काहीतरी अंथरलेलं असतं, भिंतींना कपाटं-पडदे असतात. उघडं, सपाट आणि टणक राहतं ते छतच. माझ्या खोलीचं छत 9 फुटांवर आहे. स्पीकरचा ट्वीटर (उंच सूर वाजवणारा छोटा भाग) आणि बसल्यावर माझे कान, दोन्ही जमिनीपासून 3 फुटांवर. मधलं अंतर 8 फूट. थेट आवाज हे 8 फूट कापून येतो, तर छतावर आपटून येणारा जवळजवळ साडेचौदा फूट. त्याला उशीर होतो तो जेमतेम 6 मिलिसेकंदांचा. एवढ्याशा उशिराने आलेला आवाज वेगळा प्रतिध्वनी म्हणून कळत नाही. तो मूळ आवाजात मिसळतो, त्यातल्या काही कंपनसंख्या फुगवतो, काही खाऊन टाकतो. बाजूच्या भिंतीवरून येणारा आवाज दोन कानांना वेगवेगळा पोहोचतो, त्याने खोली निदान ऐसपैस तरी वाटते. छतावरचा दोन्ही कानांना बराचसा सारखाच मिळतो, आणि थेट नादाचा पोत बिघडवतो.

माझ्याकडे तानपुऱ्याची जवारी, म्हणजे तारांचा तो झणझणता नाद, पत्र्यासारखी वाजायची आणि गाणाऱ्याचा आवाज स्पीकरच्या वर कुठेतरी टांगल्यासारखा वाटायचा. मी ॲम्प्लिफायर बदलला, वायरी बदलल्या. मग एका विक्रेत्याच्या सांगण्यावरून अख्ख्या छताला इंचभर जाडीचा फोम चिकटवून घेतला. हे कुणीही करू नये. इतका पातळ फोम फक्त वरचे तीक्ष्ण आवाज शोषतो. गळ्याचा मुख्य भाग ज्या पट्ट्यात असतो, तिथलं परावर्तन जवळपास जसंच्या तसं राहतं. ‘स’ची धार गेली, झांजेची चमक गेली, गाणं कोंदटलं, आणि जवारी होती तशीच पत्र्यासारखी. पुढे गोंद सुटून तुकडे डोक्यावर पडू लागले. शिवाय साधा फोम भराभर पेट घेतो, हे मला नंतर समजलं.

फोम खरवडून काढला आणि आरसा घेतला. छतावरच्या आरशात जिथे ट्वीटर दिसेल, तिथूनच त्याचा आवाज आपटून कानांवर येतो. मी नेहमीच्या खुर्चीत, मुलगी शिडीवर. तिने दाढीचा आरसा छताला सपाट लावून इंचाइंचाने सरकवायचा आणि मी मान वर करून बघत राहायचं. “थांब, दिसला!” आरशात डाव्या ट्वीटरची काळी टिकली आली होती. तिने तिथे पेन्सिलीने फुली मारली, मग उजव्याची. दोन्ही फुल्या माझ्यापासून 4 फूट पुढे, बरोबर मध्यावर. तेवढंच छत माझ्या कानांवर आवाज फेकत होतं, आणि मी सगळंच झाकून बसलो होतो!

त्या फुल्यांखाली 4 बाय 2 फुटांच्या दोन लाकडी चौकटी टांगल्या. आत 4 इंच जाडीची ग्लासवूल (काचतंतूंची लोकर), तिच्यावर तोंडाने फुंकलं तर पलीकडे हवा जाईल असं विरळ कापड. छत आणि चौकट यांच्यात आणखी 4 इंच मोकळे सोडले. या पोकळीमुळे शोषण आणखी खालच्या कंपनसंख्यांपर्यंत उतरतं. गोंद अजिबात नाही. स्लॅबमध्ये अँकर ठोकले, आणि जादा काळजी म्हणून प्रत्येक चौकटीला स्टीलची तार बांधली. ग्लासवूल हाताळताना हातमोजे आणि मास्क हवेतच.

पहिल्याच रात्री गळा खाली उतरून दोन स्पीकरच्या मधोमध आला. जवारीतला एकेक तरंग सुटा ऐकू येऊ लागला, मी तीच रेकॉर्ड तीनदा लावली. खर्जाचं घुमणं मात्र या चौकटींनी गेलं नाही, त्याचं दुखणं खोलीच्या कोपऱ्यांत आहे आणि त्याचा इलाज वेगळा.

लेखाचा पुढचा भाग छापणार असाल तर त्यात छताला जागा द्यावी, आणि काहीही चिकटवण्याआधी एकदा आरसा फिरवून बघा एवढं वाचकांना जरूर सांगावं, ही विनंती.

आपला,
एक जुना वाचक